भागवत एकादशीचं पाणी

आमच्या रत्नागिरीच्या घरमालकांकडे डिझेलचं एंजिन एकच होतं आणि त्याला नोकऱ्या दोन होत्या. आठवड्यातले बरेचसे दिवस ते विहिरीवर बसून नारळी-पोफळींना पाणी देई. मग मालकांना हुक्की आली की चार गडी त्याला बांबूला बांधून खाली खाडीवर नेत आणि होडीत बसवत. इकडे झाडं सुकायला लागली की पुन्हा वर. "माहेरवाशीण बरी," मालकीणकाकू म्हणायच्या, "ती निदान सणावारी येते. हे मेलं सारखं आपलं दारात."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कराडहून बदलून आलेली आणि कृष्णेपेक्षा मोठं पाणी न पाहिलेली. भाट्याच्या खाडीच्या काठी एक खोली भाड्याने मिळेल असं कळलं म्हणून गेले, तर मालक उपड्या होडीला रंग लावत बसले होते. कमरेला पंचा, वर उघडेबंब, आणि डोक्यावर मात्र साहेबी सोला हॅट. माझं गाव, जात, पगार, रात्रपाळ्या किती, यातलं काहीही न विचारता त्यांनी एवढंच विचारलं, "पोहता येतं काय गो?"

"नाही," मी म्हटलं.

"उत्तम. पोहता येणारी माणसं होडीत नको ते शहाणपण करतात. उद्या सकाळी ये. होडी पाण्यात घालायची आहे, तुला फिरवून आणतो. मग खोलीचं बघू."

ही त्यांची पद्धत होती. भाडेकरू असो, नवा गडी असो, कोणाचा होणारा जावई असो, माणसाची परीक्षा ते होडीत घेत. जमिनीवर माणूस कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. "जमिनीवर नाही पटलं तर उठून चालू लागतो. होडीतून जातो कुठे? तिथे तो आहे तसा दिसतो." काकूंना मी एकदा विचारलं, तुम्ही का कधी बसत नाही होडीत? त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आले ती ह्यांच्याबरोबर होडीतूनच. एकदा पास झाले, आता पुन्हा कोण बसणार परीक्षेला!"

परीक्षेत ते काय बघत हे कोणालाच माहीत नव्हतं. एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, ती म्हणजे होडीत बसून जो घड्याळ बघेल तो नापास. माझ्या आधी एक बँकेतले साहेब खोली बघायला आले होते. मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. खाडीत जाऊन येईपर्यंत त्यांनी ते तीनदा पाहिलं. किनाऱ्याला लागल्यावर मालक म्हणाले, "खोली नाही."

"अहो, पण दारावर पाटी आहे!"

"ती काढायची राहिली."

माझ्या वेळी खाडीच्या मधोमध एंजिन बंद पडलं. मी एक अक्षर बोलले नाही. खरं तर भीतीने माझी दातखीळ बसली होती, पण त्यांना वाटलं पोरगी सोशिक आहे. खोली मिळाली. पुढे चार वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्यांना काका म्हणू लागले.

काकांचा आवाज हे एक वेगळंच प्रकरण होतं. एंजिनाच्या धडधडीवर बोलून बोलून तो कायमचा वर चढलेला होता. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाई, आणि आपण कुजबुजलो आहोत याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसे. शेजारणीच्या पापडांबद्दल त्यांनी काकूंच्या कानात काढलेल्या उद्गारामुळे दोन घरांचं येणं-जाणं वर्षभर बंद होतं.

घरात त्यांनी घड्याळ ठेवलं नव्हतं आणि भिंतीवर दिनदर्शिकाही नव्हती. भरती-ओहोटीचा हिशोब ते तिथीवरून करत. कोकणात तो पुष्कळांना येतो. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहाला पाणी भरणार. मग सहा तास ओहोटी. हिशोब सोपा, पण त्याला तिथी तर कळायला हवी. ती काका स्वयंपाकघरातून घेत. साबुदाणा भिजला की एकादशी, आणि तिथून पुढे बोटांवर मोजायचं. पुन्हा संकष्टीला काकू चंद्राची वाट बघत बसल्या की हिशोब ताडून घ्यायचा. "पंचांग कशाला विकत घ्या? आमच्या हिच्या चुलीवर शिजतं," ते सांगायचे. आणि खरंच, मी तिथे होते तेवढ्या काळात त्यांचं पाणी कधी चुकलं नाही. चुकलं ते एकदाच, आणि ते नेमकं माझ्या लग्नाच्या दिवसांत.

त्या काळी परगावचा फोन लावायचा म्हणजे एक्स्चेंजकडे ट्रंक कॉल नोंदवायचा. आम्ही पुढच्या गावच्या ऑपरेटरला गाठायचं, त्याने त्याच्याकडचा नंबर जोडायचा. सांगलीला एक ऑपरेटर होता. "हॅलो रत्नागिरी, सांगली बोलतोय," एवढं म्हणायचा, पण असं म्हणायचा की दिवस बरा जाईल असं वाटावं. लोक तारेवर भांडायचे, आम्ही दोघं मात्र कधी आवाज चढवला नाही. मग एकदा त्याने विचारलं, तिकडे पाऊस आहे का? मी म्हटलं, तिकडे नाही का? असं करत करत वर्ष गेलं आणि एके दिवशी तो म्हणाला, "आई तुम्हाला बघायला यायचं म्हणतेय. मीही येतो बरोबर. मी तरी कुठे पाहिलंय तुम्हाला!"

मला त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. त्याचं काही वाटलं नव्हतं. या वेळी वाटणार होतं, आणि चांगलंच वाटणार होतं.

माझ्या वडिलांना दमा. घाट उतरून रत्नागिरीला येणं त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. फोनवर ते म्हणाले, "तुझ्या घरमालकांनी मुलगा पाहिला की मी पाहिला असं समज. ते हो म्हणाले तर माझं हो." बिचाऱ्या बाबांना काय ठाऊक, घरमालक मुलगा कुठे नेऊन बघतात ते! मी काकांना हे सांगितलं मात्र, ते ताडकन उठून गड्यांना हाका मारायला लागले. एंजिन खाली जायला निघालं.

आदल्या संध्याकाळी एस.टी.ने मुलगा आणि त्याची आई आले. मुलगा आवाजापेक्षा जरा बुटका होता, पण हसरा होता. आई मोठ्या धीराच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. गळ्यात तुळशीची माळ. त्या मला नखशिखान्त बघत होत्या आणि मी जमिनीकडे बघत होते. मुलगा आणि मी, वर्षभर रोज बोलणारी माणसं, समोरासमोर आल्यावर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

सकाळी काकूंनी होडीत न्यायला साग्रसंगीत डबा केला. डाळिंब्यांची उसळ, तांदळाच्या भाकऱ्या, वर नारळाच्या वड्या. त्यांचा स्वतःचा उपवास आदल्या दिवशी होऊन गेला होता. डबा बघून त्याच्या आई म्हणाल्या, "मला धरू नका ह्यात. माझी आज एकादस हाय."

"अगोबाई, आमची काल झाली," काकू म्हणाल्या.

"काल स्मार्त. आमची भागवत, ती आज."

कधी कधी एकादशी अशी दोन दिवस येते. आदल्या दिवशी स्मार्तांची, दुसऱ्या दिवशी भागवतांची. काकूंनी घाईघाईने केळी आणि भाजलेले शेंगदाणे बांधून दिले. काका दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. "असतात एकेकाचे नियम," ते म्हणाले. "चला चला, द्वादशी आहे आज, नऊला पाणी भरतं. ओहोटी लागली तरी दुपारपर्यंत चिकार पाणी."

आम्ही निघालो. काका सुकाणूवर, मी एंजिनापाशी, आणि ताडपत्रीच्या सावलीत मायलेक. आईंनी एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्या हाताने गळ्यातली माळ घट्ट धरली होती. दोन्ही काठांना कांदळाची गर्द झाडी, तिच्यामागे नारळी, आणि वर जांभ्याचा लाल कडा. खंड्या पक्षी पाण्यावर सूर मारत होता. काका हॅटला हात लावून प्रत्येक काठाला नमस्कार करत होते, मग तिथे माणूस असो वा नसो. खाडीत मध्ये जुवे नावाचं बेट आहे. त्याच्यावरून पुढे बरंच आत जाऊन आम्ही परत फिरलो, आणि परतताना काकांना प्रौढी मिरवावीशी वाटली.

"बेटाला वळसा कशाला? मागच्या चिंचोळ्या अंगाने नेतो. मोठी मजा आहे तिथे. पाणी आहे अजून."

पाणी नव्हतं. झाडीतून शे-दोनशे हात गेलो असू, होडीच्या पोटाखाली काहीतरी मऊ घासलं आणि ती थांबली. एंजिन धडधडत राहिलं, मागे नुसता काळा गाळ उसळला. काकांनी बांबू रोवून बघितला, तो अर्धा आत गेला आणि बाहेर यायला तयार होईना. मुलगा पँट दुमडून खाली उतरायला निघाला तेव्हा काका गरजले, "खबरदार! हा गाळ मांडीपर्यंत घेतो. बसा खाली." एंजिन बंद केलं. पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरत चाललं आणि होडी एका अंगावर कलली.

आता काही तास तिथेच. आईंचा चेहरा बघवत नव्हता. मी मनात म्हटलं, लग्न होवो न होवो, ह्या बाईंना सुखरूप सांगलीला पोचवू दे. तेवढ्यात काका माझ्याजवळ सरकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "मुलगा घड्याळ बघतोय गो!"

हे जुव्यावरच्या गुरांनीसुद्धा ऐकलं असेल. मुलाने मात्र ऐकलं नाही, कारण तो खरोखरच घड्याळात डोकं घालून बसला होता. मान वर करी, वल्ह्याकडे बघे, आणि पुन्हा घड्याळ. मी खाकरले. डोळे मोठे केले. मनगट झाकून दाखवलं. पण आमची सगळी ओळख आवाजाची, खुणा कधी केल्याच नव्हत्या. त्याला वाटलं मला वेळ हवी आहे. त्याने घड्याळ माझ्यापुढे धरलं! ते काढून खाडीत भिरकावून द्यावं असं मला वाटलं.

बेटाच्या काठावर एक माणूस आला. मिस्कीलपणे म्हणाला, "काय वो काका, हितंच बिऱ्हाड केलंव काय?" काकांनी तोंड फिरवलं. जन्मात त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. पण मुलगा उठून उभा राहिला. आईची केळी संपली होती आणि उन्हाने त्या मलूल दिसत होत्या. त्याने तोंडाभोवती हात धरले आणि सवयीने ओरडला, "हॅलो जुवे! सांगली बोलतोय!"

आणि मी, सवयीनेच, म्हणून गेले, "बोला सांगली!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईंनी लेकाला विचारलं, "हाच व्हय रे तो आवाज?" तो हो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मग जुव्याकडे वळून त्याने शहाळी मागितली. त्या भल्या माणसाने ती काठावरूनच फेकली. बरीचशी गाळात गेली, एक एंजिनावर आपटून फुटलं, आणि एक मुलाने हवेत झेललं. ते त्याने आईला फोडून दिलं.

शहाळं पिऊन आईंना हुशारी आली. मुलगा काकांना म्हणाला, "एक विचारू का? आज भरती किती वाजता झाली?"

"नऊला. सांगितलं की सकाळी."

"मग जमत नाही. मी मघापासून बघतोय. आम्हाला कॉलसाठी तीन-तीन मिनिटं मोजायची सवय असते. वल्ह्यावर खूण धरून दर तीन मिनिटांनी पाणी किती उतरतं ते पाहतोय. आधी भराभर उतरत होतं, आता अगदीच हळू झालंय. ओहोटी संपत आलीय. नऊला भरलं असतं तर इतक्यात संपली नसती."

म्हणजे तो त्यासाठी घड्याळ बघत होता! माझा जीव भांड्यात पडला. पण काका पेटले. "मला पाणी शिकवतोस? द्वादशी आहे आज. बाराची पाऊणपट नऊ."

ताडपत्रीखालून आवाज आला, "द्वादशी उद्या. आज एकादस हाय."

"ती काल झाली!"

"काल तुमची झाली. एकादस दोन दिवस हाय ह्या खेपेला. मी काय उगं उपाशी बसलीय व्हय?"

काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे पाणी पाऊण तास आधीच भरलं होतं आणि पाऊण तास आधीच उतरायला लागलं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग मी चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डोक्यावरची हॅट काढलेली पाहिली. ती मांडीवर घेऊन ते खाडीकडे बघत म्हणाले, "अगो, आम्ही आपले स्मार्त... आणि समुद्र भागवत निघाला!"

आई हसल्या. आधी पदर लावून, मग पदर सोडून. कललेली होडी हलायला लागली इतक्या हसल्या. काकाही हसायला लागले. मग त्यांनी डबा उघडला, पण एकट्या विहीणबाई उपाशी असताना आपण भाकरी खायची नाही असं जाहीर करून उरलेल्या शेंगदाण्यांवर हात मारला. विहीणबाई! तो शब्द त्यांच्या तोंडून गेलेला मी ऐकला. त्यांनी स्वतः बहुधा ऐकला नसावा.

भरती लागली ती मुलानेच आधी सांगितली. ऊन कलता कलता होडी सरळ झाली, हलली, आणि सुटली. वाटेत काकांनी एकाही काठाला नमस्कार केला नाही. धक्क्याला लागल्यावर मला राहवेना. मी त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "काका, बाबांना काय सांगू?"

"मला विचारू नकोस. आज परीक्षा माझी होती आणि मी गाळात नापास झालोय. त्यांना विचार." हे अर्थात त्यांनी कुजबुजत सांगितलं.

त्याच्या आई धक्क्यावर पायाचा चिखल धूत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पोरगी आमची. पण लग्नाची तिथी मी काढणार. ह्यांना ईचारायचं न्हाई."

त्यांनीच काढली. लग्न सांगलीला झालं. काका-काकू नारळांचं पोतं घेऊन आले, तेही एक दिवस आधी. पुन्हा चूक नको, म्हणून. माझी बदली सांगलीला झाली. आणि तेव्हापासून होडी काढायची असली की काका एक्स्चेंजवर जाऊन सांगलीचा कॉल नोंदवायचे आणि माझ्या नवऱ्याला विचारायचे, "विहीणबाईंना विचारून ठेव रे, उद्या कोणती?" एवढ्यासाठी ट्रंक कॉल! चार आण्यांची दिनदर्शिका घ्या म्हटलं तर म्हणायचे, "कागदावर माझा विश्वास नाही. त्या उपाशी राहून सांगतात."

सासूबाई पुन्हा कधी समुद्राच्या वाटेला गेल्या नाहीत. पण पाऊणपटीचा हिशोब त्यांनी शिकून घेतला होता. सांगलीत बसून, समुद्रापासून इतक्या लांब, सकाळी देवाला हात जोडून झाले की म्हणायच्या, "आज तिकडं पाणी दीडला भरंल." आम्ही हसायचो.

काही वर्षांनी एका संध्याकाळी रत्नागिरीहून फोन आला. नवरा ड्यूटीवर होता, त्यानेच घेतला. घरी येऊन त्याने सांगितलं, काका गेले, चारच्या सुमाराला. मी रडायला लागले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या आणि बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"आज पंचमी," त्या म्हणाल्या. "म्हंजे पावणेचारला पाणी भरलेलं व्हतं गं. बरं झालं. कुठं रुतले नसतील."